उरलेले बावीस

बांबोळीच्या टेकडीवर, जुन्या ओपीडीमागे
दोन खोल्या दिल्या होत्या आम्हाला.
मधल्या पॅसेजात एक बाक, पाण्याची कळशी, आणि मी.
काम साधं:
पहिल्या खोलीतून बाहेर आलेल्या माणसाला
चहा पाजायचा, अर्धा तास थांबवायचं
आणि दुसऱ्या खोलीत सोडायचं.
तोच माणूस, तेच प्रश्न,
आतल्या दोघांनी एकमेकांचे कागद बघायचे नाहीत.
संध्याकाळी मी बघायची,
आजाराचं नाव एकच पडलं का.

पहिल्या खोलीत डॉक्टर हेडाऊ, भंडाऱ्याचे.
त्यांना कोंकणी येत नाही, म्हणून तिथे दुभाषीही मीच.
दुसरीत डॉक्टर पेर्पेत, लोटलीच्या.
त्यांना माझी गरज नव्हती.

कायतान रिबेल, कुडतरीचा तारवटी,
एकोणीस वर्षं बोटीवर कुक.
खुर्चीच्या कडेला बसला, जणू ती हलणार आहे.
"कोणी नसताना आवाज ऐकू येतात?"
तो म्हणाला, मांय जेवपाक आपयता.
की आपयताली?
डोक्यावर पंखा खडखडत होता.
मी सांगितलं : आई जेवायला बोलावते.
"आई कुठे असते?"
आई ऑगस्टात गेली.
हेडाऊंनी पेन उचललं,
चौकट सतरा, बरोबरची खूण.

बोलावते. बोलवायची.
एका 'ली'एवढं अंतर,
आणि त्यात माणसाचं अख्खं वय मावतं.

दुसऱ्या खोलीच्या दारातून मला आधी हसू ऐकू आलं,
मग नाक शिंकरल्याचा आवाज. कुणाचा, कळलं नाही.
कागदावर एकच शब्द : शोक.
खाली : गोळी नको, सहा आठवड्यांनी ये.

साठ माणसं झाली. अडतीस जुळली.
मला वाटलं, पास.
आकडेमोड करणारा मुलगा फोनवर म्हणाला,
थांबा, त्यातली नशिबाने जुळलेली आधी वजा करा.
दोघांनी डोळे मिटून शिक्के मारले असते
तरी काही जुळलीच असती ना?

तेव्हा बापूस आठवला.
आमच्या देवळात तो कौल लावायचा,
देवाच्या अंगावर पाण्याने चिकटवलेल्या पाकळ्या.
उजवी पडली तर होय.
एकच गोष्ट दोनदा विचारायची नाही, म्हणायचा,
देवाचा अपमान होतो.
मी आठ-नऊ वर्षांची, विचारलं :
आणि वाऱ्याने पडली तर?
तो काही बोलला नाही.
उठून दार तेवढं लोटून घेतलं.

त्याला ठाऊक होतं, असं मला आता वाटतं.
दोनदा विचारायला छाती लागते,
आणि दुसरं उत्तर ऐकून
रात्री जेवण जायला त्याहून जास्त.

हेडाऊ वाईट नव्हते, हेही लिहून ठेवते.
शेवंता वेळीप, नेत्रावळीची,
अंगावर चादर घेऊन आली, तीन आठवडे झोप नाही,
दोन्ही खोल्यांत तेच नाव पडलं.
ती आता सांग्याच्या बाजारात मिरच्या विकते,
मला बघून वजनात चार जास्त टाकते.
अडतीसांत ती आहे.
मी बावीसांचंच बोलतेय.

कायतान मडगावच्या बसची वाट बघत होता.
"बाय, मागीर म्हजें कितें थारलें?"
माझ्या पिशवीत त्याचे दोन कागद.
म्हटलं, अजून ठरायचंय.
तो टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला,
वर चहा घेऊन जायचो ना, तिथे होकायंत्रं दोन.
कधीच एक सांगत नाहीत.
फरक किती, तो दर पाळीला वहीत लिहितात.
आणि बोट?
बोट चलता गे, ती कसली रावता.

बस आली. तो चढला,
खिडकीतून बघितलं नाही.

मी परत वर गेले.
टेप नव्हती, पंखा बंद होता.
हेडाऊंच्या कागदावर, सतराव्या चौकटीशेजारी,
समासात लिहिलं : ली?

पेन्सिलने.